दिव्याची बैठक

तीन सेलची पत्र्याची विजेरी, पंक्चरवाल्याकडून मागून आणलेली जुन्या ट्यूबची पट्टी आणि हँडल. एवढ्या सामानावर आपल्याकडच्या कितीतरी दूधवाल्यांनी आणि पेपर टाकणाऱ्या पोरांनी पहाटेचे अंधारे रस्ते पार केले. आता विजेरीच्या जागी वीतभरही लांब नसलेला एलईडी टॉर्च आला आणि उजेड कित्येक पटींनी वाढला. ट्यूबची पट्टी मात्र टिकून आहे. दिवा दुकानात मिळतो, पण त्याची बैठक बहुतेकदा ज्याची त्याला जमवावी लागते. सायकलचा दिवा घेताना लोक लुमेन किती आणि बॅटरी किती तास चालते, एवढंच विचारतात. मला वाटतं, पहिला प्रश्न बैठकीचा असावा.

साधा हिशोब करून पाहा. जमिनीपासून 1 मीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत 15 मीटर पुढे टेकवायचा, तर दिवा जेमतेम 4 अंश खाली झुकवावा लागतो. खड्ड्यांचे दणके खाऊन तो आणखी 4 अंश लवला, की झोत थेट सात-साडेसात मीटरवर येतो. ताशी 25 किलोमीटरच्या वेगात तेवढं अंतर सेकंदाभरात संपतं. खड्डा दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. दिवा उलट वर उचलला गेला, तर समोरच्याचे डोळे दिपतात. महागातला महाग दिवाही या 4 अंशांपुढे हतबल आहे.

हा प्रश्न नवा नाही. पुढचं चाक छातीभर उंच असलेल्या जुन्या सायकलींवर तेलाचा दिवा लावायला धड जागाच नव्हती. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकस यांनी 1880च्या सुमारास ‘किंग ऑफ द रोड’ हा दिवा विकायला काढला. तो पुढच्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या दोन रांगांमध्ये, तुंब्याला टांगायचा. चाक फिरत राही आणि दिवा स्वतःच्या वजनाने खाली लोंबत राही. पुढे कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून जो वायू निघे, त्याच्या ज्योतीला हादरे सोसत नसत, म्हणून दिवा आणि सायकल यांच्यामध्ये स्प्रिंग असलेली चौकट बसवत. आपल्या काळ्या उभ्या सायकलींवर डायनॅमोचा दिवा हँडलखाली नटात आवळलेल्या पोलादी पट्टीवर बसे. ती पट्टी वर्षानुवर्षं हलत नसे. नव्या सायकलींवरून ती गेली आणि तिच्याबरोबर दिव्याची हक्काची जागाही गेली.

आता उरलं हँडल. त्याची जाडी मुठीपाशी 22.2 मिलिमीटर, मधोमध कुठे 25.4, तर कुठे 31.8. दिव्याबरोबर आलेली प्लास्टिकची पकड यांतल्या एखाद्याच मापाला नीट बसते. शिवाय कोणाच्या सायकलला पुढे टोपली असते, कोणाच्या हँडलवर ब्रेकचे गज आडवे येतात.

म्हणून ट्यूब. ही बांधणी दिसते तितकी सोपी नाही. बाद ट्यूब उभी चिरून दोन बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी काढावी. आतल्या बाजूला शंखजिऱ्याची पावडर असते, ती साबणाने धुवावी, नाहीतर रबर घसरतं. आधी हँडलवर दोन-तीन वेढे घालून गादी करायची. तिच्यावर टॉर्च आडवा छेद देऊन ठेवायचा आणि पट्टी ताणून ताणून फुलीसारखी फिरवायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. शेवटचे दोन वेढे टॉर्च आणि हँडल यांच्या फटीतून काढायचे. त्यांनी सगळी बांधणी कचकन आवळली जाते. टोक शेवटच्या वेढ्याखाली खुपसलं की झालं, गाठ लागत नाही. ताणलेलं रबर आवळत राहतं आणि हादरेही गिळतं, हा गुण कुठल्याही कडक प्लास्टिकमध्ये नाही. उन्हाने त्याला चिरा पडतात, तेव्हा नवी पट्टी घ्यायची.

केबल टाय झटपट लागतो, पण गुळगुळीत नळीवर नुसता टाय फिरतो. त्याच्याखाली रबर हवंच. आणि टाय काळाच घ्यावा, पांढरा उन्हात लवकर ठिसूळ होतो.

यापुढची पायरी इलेक्ट्रिकच्या दुकानात आहे. भिंतीवर वायरिंगचा पाइप धरायला जे सॅडल लागतं, त्यातलं 25 मिलिमीटरचं बऱ्याच टॉर्चना एक पदर रबर लावून चपखल बसतं. ॲल्युमिनियमची जाड पट्टी एल आकारात वाकवून तिच्यावर सॅडल बोल्टने लावायचं आणि पट्टी होज क्लिपने हँडलवर आवळायची. मला ही बैठक सगळ्यांत आवडते, कारण बोल्ट जरा सैल करून कोन बदलता येतो आणि नायलॉकचा नट लावला की तो हादऱ्यांनी सुटत नाही. हँडल कार्बनचं असेल तर मात्र होज क्लिप लावूच नये. तिच्या दाबाने कार्बनला तडा जाऊ शकतो.

या कारागिरीची खरी परीक्षा ब्रेव्हेमध्ये होते. ओदाक्स क्लब पारिझियनच्या नियमांखाली जगभर, आणि महाराष्ट्रातही, या लांब पल्ल्याच्या राइड होतात: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. मोठ्या पल्ल्यांत रात्र टळत नाही. रात्री पुढचे-मागचे दिवे सायकलला घट्ट बसवलेले असावेत, असं नियमच सांगतो. डोक्याला बांधलेल्या दिव्याने भागत नाही. त्यातून हँडलवर खाण्याची पिशवी असते आणि दिवा तिच्यामागे झाकला जातो. मग लोक खाली जागा शोधतात. पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर ब्रेकसाठी भोक असतं, त्यात 6 मिलिमीटरच्या बोल्टने पट्टी लावून दिवा बसवतात. खालच्या दिव्याचा मोठा फायदा म्हणजे खड्ड्याच्या कडेची सावली लांब पडते आणि खोली कळते. डोक्यावरच्या दिव्याची सावली वस्तूच्या मागेच लपते, म्हणून त्या उजेडात खड्डा सपाट वाटतो.

पण या जागेला धोकाही आहे. हँडलवरून सुटलेला दिवा बहुधा रस्त्यावर पडतो. चिमट्यावरून सुटलेला आऱ्यांत जाऊ शकतो, चाक जागीच अडतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून बैठक कितीही भक्कम असली, तरी दिव्याला नायलॉनच्या दोरीचा आखूड फास हवा, इतका आखूड की बोल्ट तुटला तरी दिवा चाकापर्यंत पोचणार नाही. पाच रुपयांच्या या दोरीवर मी कधीही तडजोड करणार नाही. दुसरी काळजी उष्णतेची. टॉर्चच्या तोंडाजवळच्या खाचा उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात, त्या रबराने झाकू नयेत. तिसरी समोरच्या माणसाची. टॉर्चचा झोत गोल असतो, अर्धा उजेड आभाळात आणि लोकांच्या डोळ्यांत जातो. पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून, कडा आत वळवून काचेच्या वर टोपीसारखा लावला, तर बराच उजेड अडतो.

बांधून झालं की पुढचं चाक वीतभर उचलून चार-पाच वेळा जमिनीवर आपटा आणि कोन बदलला का ते भिंतीवरच्या खुणेशी ताडून पाहा. मग अंधारात सायकल कोणाला तरी धरायला सांगून वीस-पंचवीस पावलं पुढे जा आणि वळून दिव्याकडे पाहा. डोळे मिटावेसे वाटले, तर पाना काढून झोत आणखी थोडा खाली घ्या.