माळावरची अंडी

चैत्र-वैशाखात जालन्याहून अंबडच्या किंवा भोकरदनच्या बाजूला माळावर फिरावयास गेलेल्या माणसास कधी तरी पायाशी उघडी पडलेली अंडी दिसतात. कोणी तरी टाकून दिलेली असावीत असे वाटते, नि हात पुढे जातो. तो हात थांबावा एवढ्यासाठीच हा विषय आम्ही घेतला आहे. अंडे ओळखावयास ते उचलावे लागत नाही. जागा, संख्या, आकार आणि रंग एवढे उभ्याउभ्या पाहिले तरी पुरते.

उथळ खळगा, त्यात खडे, आणि निमुळती टोके आत वळवून मांडलेली ४ अंडी दिसली, तर ती टिटवीची समजावी. लांबी सुमारे ४ सेंटिमीटर, रंग मातकट, त्यावर काळसर डाग. ही मांडणी उगाच नाही. टिटवीच्या देहाच्या मानाने अंडी मोठी, ती अशी रचली तरच चारही पोटाखाली मावतात. मोठी का, तर तिचे पिल्लू अंगावर लव घेऊन बाहेर येते नि थोड्याच वेळात धावू लागते. त्याला शिदोरीही मोठी लागते. चंडोलाचे पिल्लू दुबळे, डोळे मिटलेले निघते. त्याची दोन-तीन ठिपकेदार अंडी म्हणूनच लहान; गुराच्या खुराने पडलेल्या खळग्यातही ते घरटे बसते.

झुडपाखाली ४ ते ८ मळकट पांढरी, बिनडागी अंडी असली तर ती तित्तिराची. पाचोळ्यावर दोनच, गुलाबीसर नि तांबूस डागांची, घरट्यावाचून पडलेली असली तर रातव्याची. दोन्ही टोके सारखी असलेली ३ अंडी पखुर्डीची. झाडाखाली नुसते पांढरे अर्धे कवच सापडले, तर बहुधा होल्याचे पिल्लू वर सुखरूप निघाले आहे.

टिटवीने उंच बांधावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात घातली तर ओढ, असे आपल्याकडे शेतकरी सांगतात. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मुलखाने पावसाची चाहूल मिळेल तेथे शोधावी, यात नवल नाही. आम्हांस मात्र वाटते, टिटवी पाहते ती चहूकडचे दिसणारी मोकळी जागा.

खरा प्रश्न उन्हाचा आहे. भर दुपारी टिटवी अंड्यांवर उभी असते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावलीसाठी. पाण्यावर जाऊन ती पोटाची पिसे भिजवून येते नि अंडी गार ठेवते. आपण जवळ उभे राहून कौतुक करीत बसलो, की ती डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत राहते आणि इकडे तापल्या जमिनीवर अंड्यांतला जीव भाजून निघतो. अंडे उचलणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीतच मोडते. पण नुसते रेंगाळणाऱ्याला कोणता कायदा अडविणार?

तेव्हा एकदा पाहावे, आल्या वाटेने मागे फिरावे. वखर चालणार असेल तर शेतकऱ्यास जागा दाखवून द्यावी. पन्नास पावले दूर गेल्यावर मागे वळून पाहिले, तर ओरडणे थांबलेले असते आणि टिटवी तुरुतुरु चालत खळग्याकडे निघालेली असते.