हच गेलं, व्होडाफोन आलं. पण टॅक्स कुणी भरायचा?

ऐकायला वेळ नसेल तर हा भाग निवांत वाचा.

हचच्या जाहिरातीतला तो छोटा पग कुत्रा आठवतोय? नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं. आपल्याला दिसला तो फक्त बदललेला रंग. पण त्या सौद्यावरून जे भांडण पेटलं, ते पुढे चौदा वर्षं चाललं. कंपन्या टॅक्स कसा वाचवतात आणि सरकारने त्यावर काय करावं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आधी दोन शब्द वेगळे करू. उत्पन्न लपवलं, खोटी बिलं लावली, तर ती करचुकवेगिरी, म्हणजे सरळ गुन्हा. कायद्यात जी वाट मोकळी आहे तिनेच जाऊन कर कमी केला, तर ते कर टाळणं. खरा वाद असतो तो या दुसऱ्या प्रकाराचा.

आता सौदा बघा. हचिसन एस्सार ही आपली मुंबईची कंपनी. तिच्यातला मोठा हिस्सा हाँगकाँगच्या हचिसन समूहाकडे होता, पण थेट नाही. डबीत डबी, तिच्यात आणखी एक डबी, असा प्रकार. सगळ्यात वरच्या डब्यांपैकी एक होती केमन बेटांवरची सीजीपी नावाची कंपनी. व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने ही डबीच विकत घेतली, सुमारे ११ अब्ज डॉलरला. भारतातला एकही शेअर कागदोपत्री हलला नाही. टॉवर इथे, ग्राहक इथे, रिचार्जचे पैसे इथले. विक्री मात्र केमनमध्ये!

आयकर खातं म्हणालं, किंमत भारतातल्या धंद्याची मिळाली, तर नफ्यावरचा करही भारताला द्या. तुम्ही म्हणाल, नफा हचिसनला झाला, मग नोटीस व्होडाफोनला का? कारण टीडीएस. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून तुम्ही पुण्यात फ्लॅट घेतलात, तर कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची, म्हणजे घेणाऱ्याची असते. तोच न्याय इथे लावला. मागणी होती ११ हजार कोटी रुपयांच्या वर.

२०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याच्या बाजूने कौल दिला. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरन्यायाधीश एस. एच. कापडिया यांच्या खंडपीठाचं म्हणणं साधारण असं: सीजीपी १९९८ पासून आहे, ऐनवेळी उभी केलेली नाही, आणि परदेशी कंपनीचे शेअर परदेशात विकले तर इथे कर लागेल, असं तेव्हाच्या कायद्यात लिहिलेलं नाही.

मग कायद्यात लिहा ना! सरकारने तेच केलं. २०१२ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री प्रणब मुखर्जींनी दुरुस्ती आणली: परदेशी कंपनीची किंमत मुख्यतः भारतातल्या मालमत्तेमुळे असेल, तर तिच्या विक्रीवर इथे कर. इथपर्यंत ठीक. पण ही दुरुस्ती लागू केली १ एप्रिल १९६२ पासून! म्हणजे मॅच संपली, निकाल लागला आणि मग नियम बदलून जुना स्कोअर पुन्हा मोजायला घेतला.

हे अंगाशी आलं. भारत आणि नेदरलँड्स यांच्यात गुंतवणुकीचा करार होता. त्याच्या आधारे व्होडाफोन आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. त्याच डिसेंबरमध्ये केअर्न एनर्जीही अशाच वादात जिंकली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने जुन्या व्यवहारांवरची ही मागणी कायद्यानेच मागे घेतली.

आता माझं मत. ‘कंपनी जिंकली, सरकार हरलं’ एवढ्यावर गोष्ट थांबवली तर अर्धीच कळते. तुमच्या-माझ्या पगारातला टीडीएस पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. आपल्याकडे केमनची डबी नाही. त्यामुळे अशी पळवाट बुजवायलाच हवी होती, आणि ती बुजली. २८ मे २०१२ नंतरच्या अशा व्यवहारांना तो नियम आजही लागू आहे. २०१७ पासून गार नावाचे नियमही आलेत. निव्वळ कर वाचवण्यासाठी रचलेला व्यवहार आयकर खातं त्याखाली नाकारू शकतं.

चूक कर मागण्यात नव्हती, मागच्या तारखेने मागण्यात होती. उद्या तुम्ही छोटा स्टार्टअप काढलात आणि पाच वर्षांपूर्वीच्या व्यवहारावर आजच्या नियमाने नोटीस आली, तर? मोठी कंपनी हेगच्या लवादापर्यंत वकील उभे करते. आपण सीएला फोन करतो आणि कपाळाला हात लावतो. नियम आधी सांगा, मग सगळ्यांकडून सारखा वसूल करा. लहानांचं भलं त्यातच आहे.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!