शाळेआधीची सहा वर्षे

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका वर्गात बसविण्याचा हुकूम काढला. शाळेचे दार उघडले. पण त्या दारापर्यंत येण्याआधीच काही मुले मागे का पडतात?

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात येतात. पहाटे आई फडात जाते. तान्हे मूल बांधावर, सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. गावची अंगणवाडी गावीच राहिलेली. वीटभट्टीवरही हेच चित्र. यात आपली भावंडे थोडी नाहीत.

मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते. त्याच काळात सकस अन्न नाही, रक्तात लोह कमी आणि मुलाशी बोलायला-खेळायला आईला उसंत नाही. मग उंचीबरोबर बुद्धीची वाढही खुंटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. असे जगभर घडते.

हे पूर्वजन्मीचे भोग नव्हेत. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आहे. वेस्ट इंडीजमधील जमैका देशात १९८० नंतरच्या दशकात याचा पडताळा आला. गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, दर आठवड्याला तासभर जात आणि घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, बोलावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कोणी गेले नाही त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली.

सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याचे कर्तव्य, असे २००२ च्या दुरुस्तीपासून संविधानाचे कलम ४५ सांगते. ते आपण मागत राहूच. पण आपल्या महिला मंडळांनी रविवारची वंदना आटोपल्यावर जवळच्या फडावर, भट्टीवर तासभर जावे. मुलांची नावे तिथल्या अंगणवाडीत घालून द्यावीत. चिंध्यांचा चेंडू, डब्याची झाकणे, चार गोष्टी एवढे साहित्य पुरे. महाराजांनी उघडलेल्या दारापर्यंत या लेकरांना धडधाकट पोहोचविणे आपल्या हाती आहे.