सोडा, खिळे आणि फासाचं गाव : प्लेसरव्हिल

सॅक्रामेंटोहून टाहो तलावाकडे निघालं की महामार्ग ५० डोंगर चढू लागतो आणि चढता चढता एके ठिकाणी चक्क सिग्नलला थांबतो. फॉल्समच्या बाजूला राहणारी मराठी मंडळी टाहोला निघाली की या लाल दिव्याला हमखास शिव्या घालतात आणि हिरवा झाला की पुढे सटकतात. जिथे ते थांबतात ते गाव म्हणजे प्लेसरव्हिल. गाडी कडेला लावून उतरलं, तर दोन तास कसे गेले कळत नाही.

जानेवारी १८४८ मध्ये इथून आठेक मैलांवर कोलोमाला, लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. त्याच वर्षी माणसं इथल्या ओढ्याकाठी येऊन थडकली. गावाचं पहिलं नाव 'ड्राय डिगिंग्ज', म्हणजे कोरडी खोदाई. सोनं मातीत होतं, पण ती धुवायला पाणी जवळ नव्हतं. माती वाहून पाण्यापाशी न्यावी लागे. सराफाच्या दुकानासमोरची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडेही होते. इथे अख्खा डोंगरच सराफाची पेढी झाला होता.

दुसरं नाव 'हँगटाउन'. १८४९ च्या सुरुवातीला खाणकऱ्यांनी जागच्या जागी पंचायत बसवून तिघांना ओकच्या झाडाला लटकवलं, तेव्हापासूनचं. त्या झाडाचा बुंधा एका जुन्या इमारतीखाली आहे असं सांगतात, आणि त्या इमारतीवर कित्येक वर्षं फासाला लटकलेला पुतळा होता, पर्यटकांच्या करमणुकीसाठी! नगरपालिकेच्या बोधचिन्हातही फास होता. तो २०२१ मध्ये नगर परिषदेने काढून टाकला. त्यावर गावात बरीच वादावादी झाली. मला विचाराल तर इतकी वर्षं तो राहिला याचंच नवल.

सोनं शोधणारे कफल्लक राहिले आणि त्यांना फावडी विकणारे गब्बर झाले, हे वाक्य आता घासून गुळगुळीत झालं आहे. या गावात त्याची चांगली तीन उदाहरणं सापडतात. मार्क हॉपकिन्सने इथे किराणा विकला. फिलिप आर्मर पुढे शिकागोत मांसाच्या व्यापाराचा सम्राट झाला. त्याच्या इथल्या खाटीकखान्याची गोष्ट गाव अजून सांगतं. तिसरा जॉन स्टुडबेकर. त्याच्यापाशी जरा थांबायला हवं.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये हा एकोणीस वर्षांचा पोरगा इंडियानाहून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर इथे उतरला तेव्हा त्याच्या खिशात पन्नास सेंट उरले होते. आला होता सोनं खणायला. पण हाइंड्स नावाच्या लोहाराला गाड्या बनवणारा हात हवा होता, आणि पोराचं घराणं गाड्या बनवणाऱ्यांचं. काम होतं एकचाकी ढकलगाड्यांचं. दगड-माती न्यायची तर त्यांच्याशिवाय इथल्या खाणकऱ्याचं पान हलत नव्हतं. पहिली गाडी करायला पठ्ठ्याला दोन दिवस लागले आणि चाक वाकडं बसलं ते बसलंच. पुढे मात्र हात बसला. गावाने त्याला 'व्हीलबॅरो जॉनी' म्हणायला सुरुवात केली. पाच वर्षांनी, १८५८ मध्ये, आठ हजार डॉलर गाठीला बांधून तो घरी परतला आणि ते भावांच्या गाडीच्या कारखान्यात घातले. त्याच कारखान्यातून पुढे स्टुडबेकर मोटारी निघाल्या. जुन्या मुंबईच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या तोंडी हे नाव अजून येतं. त्याची म्हणून जपलेली एक ढकलगाडी एल डोराडो काउंटीच्या संग्रहालयात आहे, आणि काउंटीच्या जत्रेत त्याच्या नावाने ढकलगाड्यांची शर्यत लागते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिघंही पैसा घेऊन निघून गेले. मेन स्ट्रीटवरच्या ज्या भिंतींवर आज हात ठेवता येतो, त्या न गेलेल्यांच्या आहेत, आणि त्या टिकल्या त्या आगीच्या धास्तीमुळे. सुरुवातीचं गाव फळ्यांचं आणि कापडाचं. १८५६ च्या आगींत त्याची राख झाली. मग व्यापारी दगड-विटांवर आले, दारं लोखंडी झाली. आगीची सूचना द्यायला इंग्लंडहून घंटा मागवली. १८६० साली ओतलेली ती घंटा १८६५ मध्ये मनोऱ्यावर चढली आणि आजही चौकात उभी आहे.

आगींतून तगलेली एक बैठी दगडी इमारत आहे फाउंटन आणि टॉलमन यांची, १८५२ ची. तिथे सोडा बनायचा. वर ओढ्यात हजारो माणसं माती धुतायत म्हटल्यावर खाली पिण्याजोगं पाणी कुठून मिळणार? बाटलीबंद सोडा ही तिथे चैन नव्हती. आपला गोटीचा सोडा अजून जन्माला यायचा होता. त्या बाटलीचं पेटंट १८७२ चं. आज या इमारतीत छोटं संग्रहालय आहे.

जवळच प्लेसरव्हिल हार्डवेअर, तेही १८५२ पासूनचं. मिसिसिपीच्या पश्चिमेला अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं हार्डवेअरचं दुकान आपलंच, असा त्यांचा दावा आहे. पर्यटक फोटो काढत असतात, आणि गावातला माणूस नळाचा वायसर घेऊन मुकाट्याने निघून जातो.

कॅरी हाउस हॉटेल १८५७ चं. आजची इमारत १९१५ ची. न्यूयॉर्कचा नामांकित संपादक होरेस ग्रीली १८५९ मध्ये डोंगरातून घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घेत इथे पोचला होता. त्याच वर्षी नेव्हाडात चांदी सापडली आणि तिकडे जाणाऱ्या मालगाड्यांनी हा रस्ता गजबजला. दहा वर्षं गावाची चंगळ झाली. मग सेंट्रल पॅसिफिक रेल्वे आली, पण उत्तरेच्या खिंडीतून, या गावाला वळसा घालून. त्या रेल्वेच्या चार मालकांपैकी एक होता मार्क हॉपकिन्स, इथलाच जुना किराणा दुकानदार! गावात आगगाडी पोचली ती १८८८ मध्ये.

मेन स्ट्रीटच्या टोकाला पिअर्सनचा सोड्याचा जुना कारखाना लागतो. जॉन पिअर्सन मूळचा स्कॉटलंडचा. त्याने १८५९ मध्ये गावच्याच दगडाच्या दोन-दोन फूट जाड भिंती उभ्या केल्या. वरचा मजला १८९७ चा. आत मागच्या बाजूला डोंगरात शिरणारा बोगदा दिसतो. तो खणला होता सोन्यासाठी. पिअर्सनने त्यात बर्फ साठवला. भर उन्हाळ्यात बाहेर रस्ता तापलेला असतो, आणि बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलं की ओल्या दगडाचा गारवा येऊन अंगाला लागतो.