समुद्रावर तरंगणारा कारखाना

समुद्रतळाखाली नैसर्गिक वायूचा साठा सापडला, म्हणजे तो चुलीपर्यंत पोहोचलाच असे नव्हे. वायू हा मुळातच फार जागा व्यापणारा पदार्थ आहे. त्याचा मुख्य घटक मिथेन. तो शून्याखाली सुमारे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते. मग तो जहाजात भरून देशोदेशी नेता येतो.

हे द्रवीकरण प्रथम किनाऱ्यावरच होत असे. त्यासाठी समुद्रतळावरून लांबलचक नळ टाकावे लागत आणि किनाऱ्यावर विस्तीर्ण जमीन लागे. साठा लहान किंवा फार दूर असल्यास हा खर्च परवडत नसे. म्हणून अभियंत्यांनी कारखानाच साठ्यावर नेला. मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीच्या अशा कारखान्याने २०१६ च्या डिसेंबरात सारावाकच्या समुद्रात पहिला द्रववायू तयार केला. २०१९ साली तोच कारखाना साबाहच्या समुद्रातील दुसऱ्या साठ्यावर गेला. जमिनीवरील कारखान्याला असे बिऱ्हाड हलविणे साधत नाही.

याहून प्रचंड कारखाना म्हणजे शेल कंपनीचा ‘प्रील्यूड’. त्याची लांबी ४८८ मीटर आहे. दक्षिण कोरियात बांधलेला हा कारखाना २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य समुद्रात, ब्रूम शहरापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर आणून साखळ्यांनी जखडण्यात आला. या साखळ्या एका बुरुजासारख्या रचनेला बांधलेल्या असल्याने वाऱ्याची दिशा बदलताच कारखाना तिच्याभोवती फिरतो. विहिरींतून वर आलेल्या वायूतील पाणी व कार्बन डायऑक्साइड प्रथम काढून टाकतात. अन्यथा अतिशीत नळ्यांत ते गोठून मार्ग तुंबवतील. मग वायू थंड करून तयार झालेला द्रव जहाजाच्या पोटातील टाक्यांत साठवितात. वाहतुकीचे जहाज शेजारी येऊन तो भरून नेते.

तथापि या सोयीचे मोलही मोठे आहे. भर समुद्रात शेजार नाही. वीज, निवारा आणि अग्निशमन यांची सर्व व्यवस्था कारखान्यालाच करावी लागते. २०२१ च्या डिसेंबरात एका लहान आगीनंतर ‘प्रील्यूड’चा वीजपुरवठा कोलमडला. सुरक्षिततेची खात्री पटेपर्यंत उत्पादन सुरू करू नये, असा आदेश ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने दिला आणि काम २०२२ च्या एप्रिलमध्येच पूर्ववत सुरू झाले. जमिनीचा खर्च वाचविणाऱ्या या योजनेत माणसांच्या सुरक्षिततेवरील खर्चात मात्र काटकसर करता येत नाही.