सूर्य न मावळणाऱ्या गावी

जून महिन्याच्या मध्यास मोरगावात सूर्यास्त सायंकाळी सात वाजून दहा-बारा मिनिटांनी होतो. त्यापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, अन्नपाणी आटोपलेले असावे असा आमच्या घरातील शिरस्ता आहे. सौभाग्यवतींनी रात्रिभोजनत्यागाचे व्रत घेतले त्याला आता ३१ वर्षे झाली. मयूरेश्वर मंदिरात सायंकाळच्या आरतीची घंटा वाजू लागते, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातली भांडी धुऊन पालथी पडलेली असतात. अशा घरातल्या आम्ही पाच जणांनी, म्हणजे आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू यांनी, गेल्या जूनमध्ये नॉर्वेला जायचे ठरविले. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी परतायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले. प्रवासाच्या आराखड्यात ट्रोम्सो हे गाव होते आणि तिथे २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. साहजिकच व्हिसाचे कागद जमा होण्यापूर्वीच बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या सगळ्या नातलगांनी एकच प्रश्न विचारला, “मग तिथे वहिनी जेवणार कधी?”

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या पाठांतराचा अर्थ असा घरात येऊन उभा राहील, असे वाटले नव्हते. मोरगाव विषुववृत्ताच्या उत्तरेस १८ अंशांवर आहे. आपल्याकडचा जूनमधला सर्वांत मोठा दिवस डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा सव्वादोन तासांच्या आसपास मोठा असतो, एवढाच काय तो फरक. ऑस्लो ६० अंशांवर, तर ट्रोम्सो जवळजवळ ७० अंशांवर आहे. साडेसहासष्ट अंशांच्या पलीकडे उन्हाळ्यात रात्र नावाची गोष्टच उरत नाही.

तयारीत सर्वांत अधिक वेळ गेला तो शिदोरीच्या यादीत. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही. परंतु शेंगेन करारात आहे. त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच लागतो आणि त्यासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमाही. हे काम बँकेत जन्म काढलेल्या माणसाला अवघड नव्हते. अवघड होते तूप. युरोपच्या या भागाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, तुपातली सुखडी सगळे बाद. त्याच नियमावलीत बटाटे आणण्यासही मनाई आहे असे वाचले, तेव्हा कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “चला, एक तरी कायदा आपल्यासारखा आहे.” अखेर तेलातले खाकरे, भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, पोहे, कांदा-लसूण नसलेला मसाला आणि पाणी गाळण्याची दोन शुभ्र गाळणी एवढा संसार बरोबर घेतला. राहण्यासाठी हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली घरे घेतली होती. माझ्या मते आपल्या समाजातील कोणत्याही कुटुंबाने परदेशप्रवासात यावर चार पैसे अधिक खर्च करावेत.

दुबईमार्गे ऑस्लोला पोहोचलो तो शनिवारचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि लोणी आणण्यासाठी पिता-पुत्र बाहेर पडलो, तर मोठी दुकाने बंद. नॉर्वेच्या कायद्यानुसार रविवारी दुकाने बंद ठेवावी लागतात. किराणा दुकानांपैकी १०० चौरस मीटरपेक्षा लहान असलेल्यांना सवलत आहे. मोठ्या दुकानांचे मालक त्या दिवशी शेजारी एक चिमुकला गाळा उघडतात, हेही पाहिले. कायदा आणि व्यापारी यांचे नाते सर्वत्र सारखेच असावे! लोणी तिथेच मिळाले. ते कढवून सौभाग्यवतींनी तूप केले, तेव्हा त्या परक्या घराला प्रथमच आपल्या घराचा वास आला.

दुकानात वेष्टनावरचा मजकूर वाचणे ही खरी परीक्षा. पहिल्या दोन दिवसांत सूनबाईंनी काही शब्द सर्वांकडून घोकून घेतले. ‘ल्योक’ म्हणजे कांदा, ‘व्हीतल्योक’ म्हणजे लसूण (शब्दशः पांढरा कांदा), ‘पुतेत’ म्हणजे बटाटा, ‘फिस्क’ म्हणजे मासा. अंड्याला आणि जिलेटिनला तिथेही जवळजवळ तेच शब्द आहेत. चीज घेताना ते विरजण्यासाठी वासराच्या जठराचा अंश वापरला आहे की काय, हे बघावे लागते. आम्ही तो नादच सोडून दिला. ऑस्लोत ग्रोनलांड नावाच्या वस्तीत भारतीय-पाकिस्तानी वाणसामानाची दुकाने आहेत. तिथे भेंडी, दुधी, तूरडाळ, कोथिंबीर सारे मिळाले. तेव्हा एका क्रोनरचे साधारण आठ रुपये होत. भेंडीच्या भावाला आठाने गुणू नका, अशी चिरंजीवांनी तंबी दिली होती. तरी इतक्या वर्षांची सवय. तोंड बंद ठेवले तरी डोक्यातला गुणाकार चालूच राही.

त्या पहिल्या सायंकाळी घड्याळात सहा वाजून चोवीस मिनिटे झाली, म्हणजे मोरगावच्या हिशेबाने पान वाढण्याची नव्हे, आंचवण्याची वेळ. बाहेर आपल्याकडे साडेचारला असते तसे ऊन होते. ऑस्लोत सूर्यास्त व्हायला पावणेअकरा वाजतात. “अजून चार तास आहेत,” असे नातवाने आजीला समजावून पाहिले. आजीने वाटी पालथी घातली आणि त्याच्याबरोबर फिरायला निघाल्या.

ऑस्लोत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्याची वर्णने पर्यटनाच्या पुस्तकांत मिळतील. मला स्वतःला दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. एक, ‘फ्राम’ हे जहाज. ध्रुवप्रदेशांच्या मोहिमा केलेले, १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेल्या आमुंडसेनला नेणारे हे लाकडी जहाज आता एका इमारतीच्या आत उभे आहे आणि त्यावर चढून हिंडता येते. वालचंद हिराचंदांनी ज्या इंदापूर तालुक्याच्या माळावर साखर कारखाना उभारला, त्याच परिसरातला मी. समुद्राशी आमचा संबंध काय? पण त्याच वालचंदांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. नॉर्वेने आपले जहाज छताखाली जपले आहे, हे पाहून ‘लॉयल्टी’ची आठवण होऊन थोडी हुरहुर वाटली.

दुसरी गोष्ट पैशाची, अर्थात. समुद्रतळाखाली १९६९ साली या देशाला तेलाचे मोठे साठे सापडले. ते पैसे उधळण्याऐवजी त्यांनी १९९० मध्ये कायदा करून निधी स्थापिला, १९९६ पासून त्यात भरणा सुरू केला आणि सरकारने त्यातून सरासरीने दरवर्षी निधीच्या सुमारे तीन टक्केच खर्चावेत असा दंडक घालून घेतला. व्यवस्थापन त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे आहे आणि सगळी गुंतवणूक देशाबाहेर. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे आमचे आजोबा दुकानाच्या गादीवर बसून सांगत, तेच एक अख्खे राष्ट्र करीत आहे. नातवाला मात्र यापेक्षा रिकाम्या बाटल्यांचे यंत्र आवडले. लहान बाटली यंत्रात टाकली की दोन क्रोनर परत, मोठीचे तीन. तीन दिवसांत त्याने स्वतःची निराळी वही उघडली.

चौथ्या दिवशी रेल्वेने बर्गेनला गेलो. १९०९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग फिन्से या स्थानकावर १२२२ मीटर उंची गाठतो. जूनमध्येही तिथे रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फ होते. बर्गेनमध्ये पाऊस. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. आमच्या जिरायत पट्ट्यात जेमतेम पाचशे, तोही पडला तर. कऱ्हेचे पात्र कोरडे टाकून आलेली आम्ही माणसे छत्री न उघडता बराच वेळ उभी राहिलो. स्थानिक लोक आमच्याकडे वळून पाहत होते.

बर्गेनहून ट्रोम्सोला विमानाने दोन तास. दुपारी दोनचे विमान, म्हणजे चारला पोहोचून स्वयंपाक करून सव्वासहाच्या आत जेवण, असा चोख हिशेब होता. काउंटरवर हातातल्या पिशवीचे वजन जास्त भरले, म्हणून खाकऱ्यांचा डबा सामानाबरोबर विमानाच्या पोटात गेला. आम्ही विमानात बसलो आणि यंत्रात काही बिघाड निघाल्याने विमान चार तास धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. विमानात विकायला जे होते त्यात अंडे नाही तर कांदा. मुक्कामाच्या घरी पाऊल ठेवले तेव्हा रात्रीचे, छे, घड्याळातले सव्वानऊ झाले होते. खिडकीतून उन्हाची तिरीप सरळ जेवणाच्या टेबलावर पडली होती.

सौभाग्यवतींना मधुमेह आहे. दुपारी बारानंतर त्यांच्या पोटात काही नव्हते. चिरंजीवांनी पंधरा मिनिटांत मुगाची खिचडी टाकली आणि आईसमोर ताट ठेवले. मग जे बोलणे झाले ते मी जवळजवळ जसेच्या तसे देतो.

“आई, व्रतामागचे कारण काय? अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, आपल्या हातून हिंसा घडते. इथे अंधारच नाही. मग दोष कसला?”

“तुझ्या बाबांची बँक दुपारी पैसे घेणे बंद करायची, तेव्हा बाहेर काय अंधार पडलेला असायचा?”

“ते वेगळे. तुला साखर आहे.”

“ताट झाकून ठेव. सकाळी खाईन.”

चिरंजीवांचा युक्तिवाद मला तेव्हाही बिनतोड वाटला आणि आजही त्यात मला खोट दिसत नाही. व्रताचे मूळ जीवदयेत आहे, सूर्याच्या भीतीत नाही. मी तसे बोलून दाखविले नाही, एवढेच. माझे व्रत नाही, मी जेवलो. ती खिचडी मला गोड लागली नाही. त्या रात्री मी मध्यरात्री आणि पुन्हा तीन वाजता त्यांची साखर तपासली. अनुक्रमे ११२ आणि ९८. तिसऱ्या प्रहरी पडदा बाजूला सारून पाहिले तर रस्त्यावर लख्ख ऊन आणि एक माणूस कुत्र्याला फिरवीत होता.

सकाळी सातला सौभाग्यवतींनी तीच खिचडी गरम करून खाल्ली. चिरंजीव काहीसे रुसलेले होते.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त शिक्षिका, वयाने माझ्याएवढ्या. नळाला बांधलेले गाळणे पाहून त्यांनी चौकशी केली. त्यांच्या नळाचे पाणी स्वच्छच असते. गाळण्याचे कारण पाण्यातला जीव, हे सूनबाईंनी समजावले आणि बोलता बोलता आदल्या रात्रीची गोष्टही सांगितली. बाईंनी क्षणभर विचार करून विचारले, “आणि हिवाळ्यात आला असता तर?” ट्रोम्सोत २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य जातो तो १५ जानेवारीच्या आसपास परत दिसतो. सात आठवडे तो उगवतच नाही. केवळ सूर्यावर हिशेब ठेवायचा, तर उन्हाळ्यात अष्टौप्रहर भोजन आणि हिवाळ्यात सात आठवडे उपवास! चिरंजीव हसले, पण पुढे काही बोलले नाहीत. सौभाग्यवतींनी सूनबाईंकरवी उत्तर दिले, “तेव्हाही सकाळी सात ते सायंकाळी सव्वासहा. मोरगावचे घड्याळ.”

बाईंना यात नवल वाटले नाही. त्यांच्या गावात मुलांना जूनमध्ये भर उन्हात आठ वाजता जाड पडदे ओढून झोपवतात आणि डिसेंबरमध्ये काळोखात उठवून शाळेत धाडतात. सूर्याची वाट पाहिली तर शाळा भरणारच नाही, असे त्या म्हणाल्या. जवळच्या सोमारोय बेटावरची गंमतही त्यांनीच सांगितली. २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी घड्याळेच रद्द करण्याची मागणी केल्याची बातमी जगभर गेली. पुढे उघड झाले, की ती पर्यटनवाढीसाठी केलेली जाहिरात होती.

त्याच रात्री आम्ही रज्जुमार्गाने स्टोरस्टाइनेन या ४२१ मीटर उंचीच्या कड्यावर गेलो. पायी चढणाऱ्यांसाठी नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या बाराशे दगडी पायऱ्याही आहेत. माझ्या गुडघ्यांनी त्यांना दुरूनच नमस्कार केला. उन्हाळी वेळेमुळे तिथली खरी मध्यरात्र पाऊण वाजता होते. तेव्हा सूर्य उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम तीन अंशांवर होता. आपल्याकडे ज्या दिशेला ध्रुवतारा पाहायचा, त्या दिशेला सूर्य! तो खाली येतो, टेकतो असे वाटते आणि न टेकता पुन्हा वर चढू लागतो. खाली समुद्राची पट्टी, १९६० चा लांब पूल आणि पांढऱ्या त्रिकोणांचे चर्च सोन्याने माखल्यासारखे दिसत होते. नातवाने बिस्किटाचा पुडा फोडला, सर्वांना वाटला. आजीच्या हातावर बिस्किट न ठेवता त्याने त्यांचा वाटा रुमालात बांधला आणि सांगितले, “सकाळी सातनंतर.”

चिरंजीवांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडताना खाकऱ्यांचा डबा ते स्वतःच्या पाठपिशवीत ठेवू लागले आणि भ्रमणध्वनीवर पावणेसहाचा गजर लावला.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मधुमेहाच्या गोळ्या, साखर तपासण्याचे यंत्र आणि एका वेळचे जेवण नेहमी अंगावरच्या पिशवीत असावे, सामानात नव्हे. रोख रकमेची गरज आम्हाला कुठेही पडली नाही. कार्ड सर्वत्र चालते. जूनमध्येही उत्तरेकडे लोकरीचे कपडे लागतात. आणि विमानात डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या फुकट मिळतात त्या टाकून देऊ नयेत. आमच्या पाच जणांत तिघांनाच त्या मिळाल्या होत्या आणि ट्रोम्सोत पहिल्या रात्रीनंतर त्यांच्यासाठी रोज चिठ्ठ्या टाकाव्या लागत.