हरळीची कड आणि फिरती दोरी

आपण जिला हरळी म्हणतो आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, तेच गवत दिल्लीत ‘दूब’ या नावानं हिरवळीवर राज्य करतं. राष्ट्रपती भवनाच्या मुख्य उद्यानाचा आराखडा एडविन ल्यूटेन्स यांनी 1917 साली पुरा केला, लागवड 1928-29 मध्ये झाली, आणि तिथली दूब आणली ती कलकत्त्याच्या बेल्व्हेडियर इस्टेटीतून. दरवर्षी पावसाळ्याआधी तिथली सगळी हिरवळ काढून नवी माती पसरतात, आणि तीन आठवड्यांत गवत पुन्हा भरून येतं. एवढ्या चिवट गवताची कड रेखीव राखण्याचं काम दिल्ली, गुरुग्राम, नोएडातल्या सोसायट्यांत आता नायलॉनच्या दोरीच्या यंत्रावर, बाजारातल्या भाषेत ब्रश कटरवर, सोपवलेलं दिसतं. यंत्र उत्तम आहे, पण आपण त्याच्याकडून भलतंच काम मागतो आहोत. आखलेली रेघ राखणं हे त्याचं काम. रेघ आखण्याचं काम खुरप्याचं आणि फावड्याचंच आहे.

हे यंत्र 1971 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस यांना सुचलं. मोटारी धुण्याच्या केंद्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांनी पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधली आणि तो डबा फिरवून पाहिला. लोंबती दोरी एरवी काहीच कापत नाही. पण मिनिटाला 7000 फेरे घेताना, मध्यापासून 20 सेंटीमीटर बाहेर आलेल्या दोरीचं टोक ताशी सुमारे 530 किलोमीटर वेगानं जातं, आणि त्या वेगात ती ताठ होऊन गवताचं पातं उडवते. कापतं ते टोक. दोरीचा मधला भाग गवतात दाबला तर पाती नीट कापली न जाता फाटतात, इंजिन दमतं आणि दोरी तुटते. शिवाय दोरी पोचते ती जमिनीच्या वर. हरळी पसरते जमिनीवरून धावणाऱ्या फुटव्यांनी आणि मातीखालच्या आडव्या खोडांनी. हरळीची मुळी राहिली की हरळी राहिली, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणूनच नुसत्या यंत्रानं कड साधायला गेलं की एकच गोष्ट घडते. फरशीवर आलेले फुटवे छाटण्यासाठी चालवणारा यंत्राचं डोकं आडवं धरून खाली दाबतो, कडेची वीतभर पट्टी खरवडली जाते, तपकिरी काड्या आणि माती उघडी पडते. पावसाळ्यात ती पट्टी भरून निघते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दूब सुप्त असते, तेव्हा खरवडलेली जागा वसंतापर्यंत तशीच राहते, आणि भरलीच नाही तर एप्रिल-मेच्या आंधीत तिथूनच धूळ उठते. धुळीनं आधीच बेजार असलेल्या शहरात हे दुखणं लहान समजू नये. खरी रीत अशी: सुतळी ताणून फरशीलगत फावड्यानं सरळ खाली काप घ्यायचा, तीन-चार बोटं खोल चर मोकळा करायचा, आतली मुळं खुरप्यानं ओढून काढायची. मग दर पंधरवड्याला यंत्राचं डोकं उभं धरून त्या चरावरून सावकाश चालायचं, दोरीचं टोक मातीला जेमतेम टेकेल इतक्या उंचीवर. कचरा आणि खडे माणसांकडे उडणार नाहीत अशी चालण्याची दिशा ठरवायची, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

एवढी मेहनत करायला माळी आहेत कुठे, असं कुणी विचारेल. पण हा काप पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, असा वर्षातून दोनदाच पुरतो. एरवी यंत्राचं काम उलट हलकं होतं. हिरवळ हीच गोऱ्या साहेबाची पाणीखाऊ हौस आहे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. नव्या हिरवळी कमीच असाव्यात. पण ज्या आहेत त्यांची कड पक्की राखली तर त्या वाढत नाहीत आणि पाणी फरशीवर जात नाही. राहिला आवाज आणि नायलॉनचा कचरा. बॅटरीच्या यंत्रानं आवाज बराच उतरतो, पण झिजलेल्या दोरीचे कण मातीतच राहतात. दोरी सर्वांत जास्त झिजते ती काँक्रीटला घासून. मधे मोकळा चर असला की ते घासणंच कमी होतं.

एका ठिकाणी मात्र यंत्राला शिरकाव नसावा: झाडाच्या बुंध्याशी. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. त्या मोकळ्या मातीत गवत येणारच. ते काढताना दोरी कोवळ्या खोडाला लागली की साल सोलते, आणि सालीखालून पानांचं अन्न मुळांकडे जातं. साल चहूबाजूंनी गेली तर झाड वाळतं. आपल्या सोसायटीच्या माळ्याला एवढं जरूर सांगा: बुंध्यापासून हातभर अंतरातलं गवत खुरप्यानंच काढायचं.